मीटिंगला बोलवतात, पण कशाला? संस्थेतला समावेश कसा मोजायचा



पेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "ताई, विषय तर सापडला, पण त्यात नेमकं मोजायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याच एका फजितीतून देते.

मी मूळची एमएस्सी संख्याशास्त्राची. पीएचडीला आल्यावर विषय घेतला ग्रामीण स्वयंसेवी संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेचा. अशा संस्था समता, समावेश, वंचितांचा सहभाग हे शब्द बाहेरच्या समाजासाठी रोज वापरतात. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात याचं काय होतं, आणि संस्थाप्रमुखाला बदल करायचा असेल तर संशोधक म्हणून आपण त्याला काय मदत करू शकतो, हे मला बघायचं होतं.

पहिली प्रश्नावली मी दोन दिवसांत तयार केली. आपल्या संस्थेत महिला कर्मचारी आहेत का? अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी आहेत का? भटक्या-विमुक्तांपैकी कुणी? अल्पसंख्याक? दिव्यांग? समोर हो किंवा नाही. ती घेऊन एका संस्थेत गेले. संस्थेचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल. सचिव सर अगदी सज्जन माणूस. चहा मागवला, दहा मिनिटांत फॉर्म भरून दिला. सगळीकडे हो. नंतर आणखी दोन संस्थांमध्ये गेले, तिथेही हो. एक्सेलमध्ये रकाने भरले तर सगळीकडे एकच आकडा. आता तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी असाल तर लगेच ओळखाल. ज्या चलाचा व्हेरियन्स शून्य, त्यातून कळणार काय? कप्पाळ!

पण खरा धडा त्याच्या आधीच मिळाला होता. पहिल्या संस्थेतून निघताना मी दारात चपला घालत होते. गावोगाव फिरणाऱ्या एक कार्यकर्त्या ताई तिथे उभ्या होत्या. चहा त्यांनीच आणून दिला होता. त्यांनी विचारलं, "काय लिहून घेतलं मॅडम?" मी सांगितलं, संस्थेत महिलांना सहभागी करून घेतात का ते. त्या हसल्या. म्हणाल्या, "बोलवतेत की मीटिंगला. पण ठरलेलं सांगायला बोलवतेत, ठरवायला न्हाई."

अर्धापूरला येईपर्यंत एसटीच्या खिडकीतून केळीचे मळे बघत मी तेच वाक्य घोळवत होते. माझ्या सगळ्या प्रश्नावलीत जे नव्हतं ते या बाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. (हे वाक्य इथे त्यांच्या परवानगीनं, त्यांची ओळख काढून लिहिलंय.)

आधी तीन शब्द वेगळे करू

आपल्याकडे वैविध्य, समन्याय आणि समावेश हे तीन शब्द एकाच दमात म्हटले जातात. संशोधनात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात, कारण तिघांचं मोजमाप वेगळं आहे.

एक साधं उदाहरण घ्या. तालुक्याच्या गावी संस्थेची मासिक बैठक आहे, संध्याकाळी साडेपाचला. निमंत्रण सगळ्या कार्यकर्त्यांना एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. ग्रुपमध्ये बायका आहेत, पुरुष आहेत, वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक आहेत. हे झालं वैविध्य. निमंत्रण सगळ्यांना सारखंच गेलं, ही झाली समानता.

पण ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते आठ वाजता आरामात घरी जातील. ज्यांच्या गावाला शेवटची एसटी साडेसहाला आहे, त्यांना अर्ध्यातून उठावं लागेल. त्यातून घरी लहान लेकरू असेल तर बघायलाच नको. म्हणून बैठक सकाळी अकराला ठेवणं, प्रवासाचे पैसे आधी हातात देणं, लेकराला सोबत आणायची सोय करणं, हा समन्याय. म्हणजे प्रत्येकाची अडचण वेगळी आहे हे धरून व्यवस्था करणं.

आणि समावेश? ती ताई अकराला आली, शेवटपर्यंत बसली, बोलली, आणि तिच्या बोलण्यानं निर्णय बदलू शकला, तर समावेश. ती आली, बसली, सही करून गेली, तर हजेरी.

माझी पहिली प्रश्नावली फक्त वैविध्य मोजत होती, आणि मी तिला समावेश म्हणत होते. मोजायचं एक, मोजलं दुसरंच. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण वैधता म्हणून जी व्याख्या पाठ करतो, तिचा अर्थ मला तिथे कळला.

शिडीची कल्पना

वाचायला घेतलं तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी पडला १९६९ सालचा एक जुना लेख. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन नियोजनतज्ज्ञ बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच. लोकांना नुसतं वळवलं जातं किंवा त्यांची समजूत काढली जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं आणि एखादी जागा देऊन शांत करणं येतं. याला त्या नाममात्र सहभाग म्हणतात. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि शेवटी लोकांचं स्वतःचं नियंत्रण.

आता आपल्या ताईंचं वाक्य या शिडीवर ठेवून बघा. "ठरलेलं सांगायला बोलवतेत" ही तिसरी पायरी, माहिती देणं. म्हणजे मधल्या टप्प्यातली सगळ्यात खालची. शिडीचा फायदा हा की हो-नाहीच्या जागी आपल्याला क्रम मिळतो. कोणती संस्था कोणत्या निर्णयाच्या बाबतीत कोणत्या पायरीवर आहे, असं विचारता येतं. एकाच संस्थेत प्रशिक्षणाची तारीख ठरवण्यात कार्यकर्त्या सहाव्या पायरीवर असतील आणि बजेटच्या बाबतीत पहिल्या. म्हणून सगळ्या संस्थेला मिळून एकच गुण देऊ नका. निर्णय वेगळे करा, मग पायरी ठरवा.

किल्लारीनंतरचं एक उदाहरण

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या लातूर-धाराशिवकडे बघू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या आईवडिलांच्या पिढीला विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली.

पुढे राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं नव्या जागी वसवायची होती. त्याशिवाय सुमारे १३०० गावांमध्ये घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. यात लोकसहभागाचं काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे आलं. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था.

इथे सोपा रस्ता कोणता होता? शहरातून शिकलेले समाजकार्यकर्ते आणून गावोगाव नेमणं. तसं न करता गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं गेलं. कुणाला किती मदत मिळणार, बांधकामात काय तपासायचं, अडचण आली तर इंजिनिअरकडे कसं जायचं, हे गावाला समजावणं आणि गावाचं म्हणणं वर पोचवणं हे त्यांचं काम. ज्या बायकांनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडलेलं नव्हतं, त्या सिमेंट आणि वाळूच्या प्रमाणावर बोलू लागल्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. २००१ साली गुजरातमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. क्रम लक्षात घ्या. आधी आपत्तीग्रस्त, मग निरोप पोचवणारी, मग काम तपासणारी, आणि शेवटी दुसऱ्यांना शिकवणारी. शिडीवर चढणं म्हणतात ते हे. आणि दरवेळी वरच्या पायरीसोबत खरं काम मिळालं, नुसतं पदाचं नाव नाही.

दुसरं उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवरचं, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या अनेक निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या होत्या. आता निरक्षर बाईला नेमलं आणि प्रशिक्षण मात्र पुस्तकातून दिलं असतं, तर ती महिन्याभरात गळाली असती. मग तिलाच नाव ठेवलं असतं की "संधी दिली, पण जमलं नाही." तिथे प्रशिक्षणच बोलून, दाखवून, पुन्हा पुन्हा करून घेऊन व्हायचं. जामखेडमध्ये वाकावं लागलं ते कामाच्या पद्धतीला.

पाण्याचा किस्साही संशोधकांनी लक्षात ठेवावा असा आहे. आरोळ्यांनी हातपंपाची जागा ठरवताना दलित वस्तीतल्या जागा निवडल्या. पाणी हवं तर बाकीच्या गावाला तिथे यावं लागायचं. भाषण न करता, जागा बदलून त्यांनी संबंध बदलायला सुरुवात केली. संस्थेच्या आतही असंच असतं. बैठक कुठे, कधी आणि कोणत्या भाषेत होते, यावर बरंच अवलंबून असतं.

तिसरं उदाहरण मुंबईचं. कोरो ही संस्था १९८९ मध्ये वस्त्यांमध्ये साक्षरतेच्या कामासाठी सुरू झाली. सुजाता खांडेकर तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढे संस्थेतली जबाबदारी हळूहळू त्याच वस्त्यांमधून आलेल्या कार्यकर्त्यांकडे गेली, आणि तळातून नेतृत्व घडवणं हेच संस्थेचं मुख्य काम झालं. 'राइट टू पी' म्हणजे सार्वजनिक ठिकाणी बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी ही मोहीम याच वातावरणातून आली. विचार करा, वातानुकूलित केबिनमध्ये बसून प्राधान्यक्रम ठरवला असता तर यादीत मुतारी कितव्या नंबरला आली असती? निर्णयाच्या जागी कोण बसलंय यावर प्रश्नांची यादीच बदलते.

चांगल्या माणसाला का दिसत नाही?

माझे सचिव सर खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की आपल्याकडे सगळं समान आहे. मग अडतं कुठे?

एक म्हणजे भरती. आपल्याकडच्या छोट्या संस्थांमध्ये जाहिरात क्वचितच निघते. "तुमच्या ओळखीत कुणी चांगलं पोरगं आहे का?" असं विचारलं जातं. ओळखीतून ओळखीतलेच येतात. बरं, जाहिरात काढली तरी प्रश्न संपत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ चा अभ्यास प्रत्येकानं वाचावा. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं वेगळी. काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लीम. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लीम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. हा अभ्यास कंपन्यांचा आहे, स्वयंसेवी संस्थांचा नाही, त्यामुळे आकडे उचलून इथे चिकटवू नका. पण चाळणी कागदावरच लागते, आणि चाळणाऱ्याला ती जाणवतही नाही, एवढं त्यातून शिकता येतं.

दुसरं म्हणजे एकटेपण. रोझाबेथ कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की मोठ्या गटात एखाद-दुसरीच बाई असेल, म्हणजे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तिच्याकडे व्यक्ती म्हणून बघितलं जात नाही, नमुना म्हणून बघितलं जातं. ती चुकली की "बायकांना जमत नाही." ती गप्प बसली की "संधी देऊनही बोलत नाहीत." कार्यकारिणीत एक महिला, एक दिव्यांग, एक अल्पसंख्याक असं खातं भरलं की हीच गत होते.

तिसरं म्हणजे पैसा. संस्थाप्रमुखाची बाजूही ऐकली पाहिजे. सीएसआरचा निधी बहुतेक प्रकल्पापुरता असतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. पाळणाघर, रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी यांचे पैसे कोणत्या हेडमध्ये टाकायचे, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. शिवाय अहवाल इंग्रजीत मागितला जातो, म्हणून इंग्रजी लिहिणारा माणूस आपोआप मोठा होतो आणि वीस वर्षं गावात फिरलेली ताई मानधनावरच राहते.

पाच कागद

तर मग बघायचं काय? संस्थाप्रमुखाला नुसतं "तुम्ही समावेशक नाही" म्हटलं तर तो दार लावून घेईल, आणि ते बरोबरच. त्याच्यासोबत बसून त्याच्याच कपाटातले पाच कागद वाचा. मी आता हेच करते.

१. शेड्यूल वन. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेच्या विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या या नोंदीत असतात, आणि बदल झाला की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. दहा-वीस वर्षांत कोण आलं, कोण गेलं, एकाच घरातले किती, हे दिसतं. एक सावधगिरी घ्या, आडनावावरून जात ठरवू नका. आपल्याकडे एकच आडनाव चार समाजांत असतं. माहिती हवी तर त्या व्यक्तीला विचारा, आणि सांगायचं की नाही हे तिला ठरवू द्या.

२. प्रोसिडिंग बुक. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक लिहिलेले असतात. वर्षभराचे ठराव घ्या आणि सूचक कोण कोण ते मोजा. नंतर विषय बघा. चहापाणी, रांगोळी, हळदीकुंकू यांच्या ठरावाला महिला सूचक आणि जमीनखरेदीच्या ठरावाला दरवेळी तेच दोन पुरुष, असं चित्र असेल तर ते आकड्यात येतं.

३. पगारपत्रक. पगार कुणाला आणि मानधन कुणाला? या दोन शब्दांत भविष्य निर्वाह निधी, रजा आणि नोकरीची हमी एवढा फरक लपलेला असतो. पद, शिक्षण, अनुभव आणि रक्कम शेजारी शेजारी मांडा.

४. बँकेचं सहीपत्रक. चेकवर सह्या कुणाच्या? अध्यक्ष महिला आहेत आणि सही मात्र त्यांच्या यजमानांची चालते, असं असेल तर शिडीवरची पायरी तिथेच कळते.

५. अंतर्गत तक्रार समिती. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती हवी, स्वयंसेवी संस्थाही त्यात आल्या. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक बाहेरची सदस्य. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समिती कागदावर आहे का हे बघून थांबू नका. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीला त्यातल्या एकीचं तरी नाव माहीत आहे का, हे विचारा.

कागदांनंतर कान. दोन-तीन बैठकांना परवानगी घेऊन बसा. कोण किती बोललं हे लिहा, पण त्याहून महत्त्वाचं, कुणाची सूचना इतिवृत्तात उतरली ते लिहा. पुष्कळदा ताईनं मांडलेला मुद्दा पाच मिनिटांनी दुसरे सर मांडतात आणि नोंद त्यांच्या नावे होते.

यातून संस्थाप्रमुखाला बिनपैशाच्या आणि पैशाच्या अशा दोन याद्या करून देता येतात. बैठकीची वेळ एसटीनुसार ठेवणं, विषयपत्रिका दोन दिवस आधी मराठीत पाठवणं, अध्यक्षस्थान आळीपाळीनं देणं, अर्ज उघडण्याआधी निवडीचे निकष लिहून ठेवणं याला एक रुपया लागत नाही. मानधनाचा पगार करणं, रॅम्प, पाळणाघर याला लागतो, आणि तो पुढच्या प्रस्तावात आधीच मागावा लागतो. नव्या सदस्यांना एक-एकटं न घेता दोघी-तिघींना सोबत घ्यावं, म्हणजे कँटर यांनी दाखवलेला एकटेपणा कमी होतो.

निष्कर्ष काढताना घाई नको

समजा तुम्हाला दिसलं की ज्या संस्थांमध्ये निर्णयाच्या जागी महिला जास्त, त्यांचं पाण्याचं काम चांगलं. लगेच "महिला आल्या म्हणून काम सुधारलं" असं लिहाल? थांबा. मुळातच चांगली चालणारी संस्था महिलांना पुढे आणत असेल तर? कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

याचं उत्तर रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांच्या २००४ च्या अभ्यासात बघा. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांत त्यांनी पंचायती अभ्यासल्या. सरपंचपद महिलांसाठी कुठे राखीव होणार हे गावाच्या चांगुलपणावर ठरत नव्हतं, फेरपाळीनं ठरत होतं. त्यामुळे राखीव आणि अराखीव गावांची तुलना जवळजवळ प्रयोगासारखी झाली. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी बायका ज्या कामांची मागणी करतात त्यात, विशेषतः पिण्याच्या पाण्यात, जास्त गुंतवणूक केलेली दिसली.

स्वयंसेवी संस्थांमध्ये अशी फेरपाळी नसते. म्हणून आपल्याला एवढा ठाम निष्कर्ष काढता येणार नाही. मग एकाच संस्थेचा बदलाआधीचा आणि नंतरचा काळ बघा, कागद आणि मुलाखत एकमेकांशी ताडून बघा, आणि प्रबंधात "संबंध दिसतो" एवढंच लिहा. आरआरसीसमोर हे प्रामाणिकपणे सांगितलं तर विषय कमजोर ठरत नाही, उलट तुम्हाला मर्यादा कळतात हे दिसतं.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट

आता संस्थेचं नाव का लपवलं ते सांगते. ताईंचं वाक्य ऐकून मी उत्साहात होते. पुढच्या भेटीत सचिव सरांना म्हणाले, "सर, काही कार्यकर्त्यांना वाटतं की मीटिंगमध्ये ठरलेलंच सांगितलं जातं." त्यांनी शांतपणे विचारलं, "कोण म्हणालं?"

माझ्या पोटात गोळा आला. त्या संस्थेत गावात फिरणाऱ्या महिला कार्यकर्त्या तीनच. नाव न घेताही तिघींपैकी एकीवर बोट जाणार होतं. मी "एका लेखात वाचलं" असं सांगून वेळ मारून नेली, पण रात्रभर झोप लागली नाही. मी लिहून निघून जाणार होते, नोकरी तिला तिथेच करायची होती.

म्हणून हे वहीत लिहून ठेवा. लहान संस्थेत नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. एकच दिव्यांग कर्मचारी असेल तर "एका दिव्यांग कर्मचाऱ्यानं सांगितलं" हे लिहिणं म्हणजे नाव छापणंच. मुलाखती ऑफिसच्या बाहेर घ्या. संमती फक्त संस्थाप्रमुखाची पुरत नाही, प्रत्येकीची वेगळी घ्या, आणि नाही म्हणायची मोकळीक द्या. निष्कर्ष अनेक संस्थांचे एकत्र करूनच प्रमुखाला दाखवा. माझ्या गाईड मॅडमनी तेव्हापासून नियम करून दिलाय. कुठलाही गट पाचपेक्षा लहान असेल तर त्याचा वेगळा रकाना करायचा नाही.

सुधारलेल्या प्रश्नावलीत आता महिला आहेत का, हे विचारत नाही. विचारते, "गेल्या वर्षभरात संस्थेचा कोणता निर्णय तुमच्या म्हणण्यामुळे बदलला?" साधा प्रश्न आहे, पण उत्तरं एकसारखी येत नाहीत. व्हेरियन्स मिळाला एकदाचा!

अनेक संस्थांचे निष्कर्ष एकत्र करून दिल्यावर, काही महिन्यांनी मी त्या ताईंनाही हाच प्रश्न विचारला. त्यांच्याच गावात, त्यांच्या ओसरीवर बसून. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मीटिंग आता अकराला घेतेत. मीच म्हणले होते, यष्टी चुकते म्हणून." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "मानधनाचं बी बोलले मॅडम. ते मात्र अजून लिहून घेतलं न्हाई."

मी दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली.

पुढच्या लेखात प्रोसिडिंग बुकमधून डेटा कसा काढायचा आणि त्याचं कोडिंग कसं करायचं ते बघू. तोवर एक गृहपाठ. तुमच्या गावातली बचत गटाची, शाळा व्यवस्थापन समितीची किंवा कॉलेजच्या मंडळाची एखादी बैठक बघा, आणि कोणत्या निर्णयाला कोण कितव्या पायरीवर आहे ते लिहून काढा. नावं मात्र लिहू नका.

भेटू लवकरच.